एक टोला बाकी

माझे सासरे देवमाणूस होते, पण वेळेच्या बाबतीत आमचं कधी म्हणून जमलं नाही. मी घड्याळं दुरुस्त करतो. बाजाराच्या गल्लीत, चष्म्यांच्या दुकानाला चिकटून माझं एवढंसं दुकान आहे. दुरुस्त करून दिलेलं घड्याळ गिऱ्हाइकाच्या मनगटावर जरा जरी मागे पडलं, तरी मला घास गोड लागत नाही. आणि सासरे असे, की गावची रेल्वे कायमची बंद झाल्यावर ती न येणारी गाडीसुद्धा त्यांनी उशिरा आणून दाखवली. हे वाचून तुम्ही मला वेड्यात काढाल, पण आधी ऐकून घ्या.

ते एका खेड्यातल्या स्टेशनावर पॉइंट्समन होते. रुळांचा सांधा बदलायचा, सिग्नल पाडायचा, दिव्यांत तेल घालायचं, निशाण दाखवायचं आणि घंटा द्यायची, असं ते काम. घंटा म्हणजे काय, तर फलाटावरच्या पत्र्याच्या छपराखाली तुळईला टांगलेला रुळाचा हातभर तुकडा, आणि त्याच्यावर मारायला एक लोखंडी दांडा. पण आवाज असा खणखणीत की गावाच्या पार पलीकडे, नदीवर कपडे धुणाऱ्या बायकांनाही ऐकू जायचा. सगळं गाव त्यांना टोलेमामा म्हणायचं. मी जावई, म्हणून नुसतं मामा. ते मला जावईबापू म्हणायचे, आणि मी वाद घातला की घड्याळजी. आमच्या ओळखीत मी घड्याळजीच जास्त वेळा होतो.

स्टेशन तरी कसलं, दोन खोल्या आणि एक छप्पर. मागे डोंगरात दगडाची खाण होती, तिथला दगड शहराकडे न्यायला ही एकेरी लाइन टाकली होती. दगड जातोच आहे तर माणसंही जाऊ देत, असं कोणाच्या तरी मनात आलं, त्यानं मालगाडीच्या मागे दोन डबे जोडले आणि त्या डब्यांसाठी स्टेशन बांधलं. एका खोलीत तिकिटाची खिडकी, मास्तरांचं टेबल आणि भिंतीवर फिरकीचा फोन. हा फोन फक्त मागच्या आणि पुढच्या स्टेशनाशी बोलायचा, जगात दुसरीकडे कुठेही नाही. दुसरी खोली प्रवाशांची. तिच्यात एक लांब बाक होतं, त्या बाकाचा एक पाय आखूड, म्हणून त्याच्याखाली कायम एक चपटा दगड. खाणीच्या गावात दगडाला काय तोटा.

स्टेशनामागे रेल्वेचं क्वार्टर, आणि क्वार्टरच्या परसात एक लिंबाचं झाड. आमची ही तिथेच लहानाची मोठी झाली. इतर मुली भातुकली खेळायच्या, ही वडिलांबरोबर 'लाइन मोकळी' खेळायची. काड्यापेटीचा फोन करायचा, एक पेटी क्वार्टरच्या पायरीवर, दुसरी लिंबाच्या झाडाखाली. झाड म्हणजे पुढचं स्टेशन, आणि पायरी म्हणजे आपलं, डोंगराकडचं, म्हणून 'वरचं'. ही झाडाखालून ओरडायची, "हॅलो, वरचं स्टेशन? तुमची गाडी पोचली." मग मामा पायरीवर थाळी वाजवायचे. सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या की गाडी पोचली असेल तर ती थाळी इकडे द्या, वाढायची आहे.

पुढे खाणीतला दगड संपत आला, डांबरी रस्ता आला, रस्त्यावर बस आली, आणि मग असे दिवस आले की गाडीतून उतरणाऱ्या माणसांपेक्षा फलाटावर शेळ्या जास्त. मास्तरांची बदली झाली, त्यांच्या जागी दुसरं कोणी आलंच नाही. मग तिकिटंही मामाच द्यायला लागले. तिकीट फाडायचं, पळत जाऊन सिग्नल पाडायचा, परत येऊन घंटा द्यायची, आणि या धावपळीत प्रवाशाच्या तब्येतीची चौकशीही करायची. ती राहिली तर गावाला राग यायचा.

आता टोल्यांचं सांगतो, कारण सगळं गाडं तिथेच अडलं. गाडी मागच्या स्टेशनावरून सुटली की दोन टोले. आपल्या स्टेशनावरून निघाली की तीन. आणि सगळ्यात शेवटी, पुढच्या स्टेशनाचा फोन यायचा, 'गाडी पोचली, लाइन मोकळी', की मग एक टोला. हा एकटा टोला रेल्वेच्या कुठल्या नियमात होता की नाही कोण जाणे. मामांच्या आधीच्या पॉइंट्समननं तो सुरू केला होता, मामांनी तसाच चालू ठेवला. पण गावाला खरा हवा असायचा तो हाच. कोणाचा मुलगा कामाच्या गावी निघालेला, कोणाची आई दवाखान्यात चाललेली, कोणाची लेक माहेरपण आटोपून परत निघालेली. पोचवायला आलेली माणसं घरी जायची, पण ताट वाढून घ्यायची नाहीत. टोला ऐकला की 'पोचले गं' म्हणायची आणि मग जेवायची. पुढचं स्टेशन म्हणजे काही शेवटचा मुक्काम नव्हे, पण मधलं अवघड वळण पार झालं की गावाच्या लेखी माणूस पोचलं. मामा स्वतःसुद्धा त्या टोल्याआधी कधी ताटावर बसले नाहीत. सासूबाई म्हणायच्या, "या माणसाचं लग्न त्या रुळाशी झालंय. मी आपली वाढायला आलेय."

रेल्वे बंद करायचा हुकूम आला तो नेमका आमच्या लग्नाची बोलणी चालली असताना. ज्या संध्याकाळी शेवटची गाडी सुटणार, त्याच संध्याकाळी नवरी सासरी निघणार. मामांनी मुद्दामच तशी तारीख धरली असणार असा मला तेव्हापासून संशय आहे, कारण मुलीला बसनं सासरी पाठवणं त्यांना पटलंच नसतं. गाडी अर्थातच उशिरा. मी नवरदेवाच्या पोशाखात फलाटावर उभा राहून सारखा मनगटाकडे बघत होतो. मामा जवळ येऊन हळूच म्हणाले, "जावईबापू, घड्याळाकडे बघून गाडी येत नाही. तिकडे बघा, डोंगराकडे."

गाडी आली. ही डब्यात चढली, खिडकीशी बसली आणि रडायला लागली. अख्खं गाव फलाटावर लोटलं होतं. मामांनी तीन टोले दिले, हिरवं निशाण धरलं आणि गाडी हलली. ही खिडकीतून अर्धी बाहेर वाकून हात हलवत होती. पण मामांची नजर तिच्यावर नव्हतीच. ते गाडीच्या शेपटाकडे बघत होते. शेवटच्या डब्याच्या पाठीवर एक तांबडा दिवा असतो. तो डोळ्यांनी बघितल्याशिवाय गाडी पूर्ण गेली असं धरायचं नसतं, कारण एखादा डबा मध्येच सुटून मागे राहू शकतो. तो दिवा बघायचा ही त्यांची ड्यूटी. पण नव्या नवरीला ड्यूटी कोण समजावणार. "बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही," हे वाक्य मी लग्नाच्या पहिल्याच दिवशी ऐकलं, आणि त्यानंतर ज्या ज्या वेळी आमचं भांडण झालं त्या त्या वेळी ऐकलं, मग भांडणाचा विषय काहीही असो.

आम्ही गेलो ते गेलो. मागे काय झालं ते नंतर सासूबाईंनी सांगितलं. मामा फोनपाशी जाऊन उभे राहिले. पुढच्या स्टेशनाचा फोन येईना. त्यांनी फिरकी फिरवली, कानाला लावला, पुन्हा फिरवली. पुढच्या स्टेशनाला आदल्या दिवशीच कुलूप लागलं होतं. ती एकच शेवटची गाडी, तिच्या पुढे नाही कोणी आणि मागे नाही कोणी, म्हणून कोणाला त्याची फिकीर नव्हती, आणि मामांना कळवायचं कोणाला सुचलं नव्हतं. तिकडे रिकाम्या खोलीत फोन खणखणत राहिला असेल. सासूबाई ताट झाकून बोलवायला गेल्या, तर म्हणाले, "पोचू दे." गावातही कितीतरी घरं जेवायची थांबली होती. शेवटी कंटाळून एकेक घर जेवलं. मामा त्या रात्री जेवले नाहीत. आणि तो एक टोला राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीच्या वेळेला त्यांनी दांडा उचलला. सवय, दुसरं काय. दोन टोले, मग जरा वेळानं तीन. गावालाही तेच हवं होतं. त्या टोल्यांवर दूधवाला निघायचा, शाळा भरायची, बसचा ड्रायव्हर चहाचा पेला खाली ठेवायचा. लोक म्हणाले, मामा, गाडी गेली तर गेली, तुम्ही आपले टोले देत चला. रेल्वेनं क्वार्टर परत मागितलं नाही. ते आपलं आहे हे रेल्वेला आठवत असेल असंही मला वाटत नाही. मामा तिथेच राहिले आणि टोले देत राहिले. दोनाचे दिले, तिनाचे दिले. एकाचा कधीच दिला नाही.

इथवर ठीक होतं. घोडं पेंड खायला लागलं ते धुक्यात. थंडीच्या दिवसांत त्या गावात समोरचा माणूस दिसू नये असं धुकं पडतं, आणि धुक्यात गाडी नेहमी उशिरा यायची. म्हणून मामा धुकं पडलं की टोले उशिरा द्यायचे. गाडी नाही, रूळ गंजलेले, रुळांमध्ये गुडघाभर गवत, आणि हे फलाटावर मफलर गुंडाळून धुकं निवळायची वाट बघत बसलेत. एकदा मी तिथे असतानाच शाळेच्या मुख्याध्यापिका तणतणत आल्या. गावात त्यांना मोठ्या बाई म्हणतात.

"मामा, पोरं अजून घरीच आहेत. वर्ग रिकामे पडलेत."

"धुकं आहे ना बाई."

"मग?"

"धुक्यात गाडी उशिरा येते."

"पण गाडी येतच नाही, मामा."

मामांनी त्यांच्याकडे जरा दयेनंच बघितलं. "आली असती तर उशिराच आली असती," ते म्हणाले. "वेळेवर आली असं मी कसं वाजवू? ते खोटं होईल."

मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला. मी तर पेटलोच. पुढच्या खेपेला मी दुकानातलं सगळ्यात चांगलं भिंतीवरचं घड्याळ घेऊन गेलो आणि तिकिटाच्या खिडकीशेजारी स्वतः खिळा ठोकून लावलं. यावर बघून टोले द्यायचे, म्हटलं, धुकं असो नाहीतर नसो. मामा खूश झाले. येईल जाईल त्याला ते घड्याळ दाखवायचे, रोज काच पुसायचे, आणि धुक्यात टोले उशिराच द्यायचे. मी जाब विचारला तर म्हणाले, "घड्याळ अगदी बरोबर चालतंय, जावईबापू. गाडीला किती उशीर झाला ते आता नीट कळतं."

पण या सगळ्यावर ताण म्हणजे वादळाची गोष्ट. एकदा असं वारं सुटलं की घरांवरचे पत्रे उडाले. दुसऱ्या दिवशी आकाश स्वच्छ, लख्ख ऊन, आणि टोल्यांचा पत्ता नाही. शाळा भरेना, ड्रायव्हर चहावर चहा पीत बसला. मामांचं काही बरंवाईट झालं की काय, म्हणून लोक धावत स्टेशनावर गेले, तर मामा बाकावर निवांत शेंगा खात बसलेले. म्हणाले, "आज गाडी रद्द." का, तर वळणावर रुळांवर झाड आडवं पडलं होतं. ते सकाळीच जाऊन बघून आले होते. पुष्कळ वादावादी झाली. मामा ऐकेनात. शेवटी मोठ्या बाई, ड्रायव्हर, किराणा दुकानातल्या आजी आपला कोयता घेऊन, अशी निम्मी वस्ती वळणावर गेली, आणि ज्या रुळांवरून पुन्हा कधीही काही जाणार नव्हतं, त्यांच्यावरचं झाड तोडून बाजूला केलं. दुपारी दोन टोले पडले, मग तीन. मग शाळा भरली. हे मला ड्रायव्हरनंच सांगितलं, आणि सांगताना त्याला त्यात काही चमत्कारिक वाटत होतं असं दिसलं नाही.

मग सासूबाई गेल्या आणि मामा एकटे पडले. तेव्हापासून ही त्यांच्या खनपटीला बसली की बाबा, आमच्याकडे चला. दुकानाच्या वर आमचं घर, त्यात बाजाराच्या बाजूची एक खोली रिकामी होती. हिनं तिथे खाट टाकली, खिडकीला नवे पडदे शिवून लावले, आणि कितीही पाहुणे आले तरी त्या खोलीत कोणाला झोपू दिलं नाही. ती बाबांची खोली. बाबा मात्र जागचे हलायला तयार नव्हते. नाही असं कधी म्हणायचे नाहीत. म्हणायचे, "येतो की. एक टोला राहिलाय, तेवढा झाला की येतो."

सुरुवातीला मला ती थट्टा वाटली. मग टाळाटाळ वाटली. मग राग यायला लागला, कारण दर खेपेला परत येताना ही बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडायची. शेवटी एकदा फलाटावर मी हिच्यासमोरच विषय काढला.

"मामा, ती पोचली. त्याच दिवशी पोचली, मी होतो बरोबर. तिचं पत्रही आलं होतं तुम्हाला."

"पत्र टपालानं आलं."

"आज तिची मुलं मोठी झाली. ही काय, तुमच्यापुढे उभी आहे."

"ते मला दिसतंय ना."

"मग अडलंय कुठे?"

"तुम्ही सांगून कसं चालेल? पुढच्या स्टेशनानं सांगायला पाहिजे."

"पुढचं स्टेशन आहे कुठे आता?"

"तेच तर," मामा म्हणाले.

माझं डोकं फिरलं. मी दांडा उचलला. मीच देतो टोला, म्हटलं, संपवा एकदाचं. मामांनी हात पुढे करून रुळाचा तुकडा मुठीत धरला, म्हणजे मी मारला असता तरी तो वाजला नसता. रागावले नाहीत. "असा द्यायचा नसतो, जावईबापू," म्हणाले. "त्या टोल्यावर लोक जेवतात." मी दांडा जागेवर ठेवला. हा माणूस थट्टा करत नाहीये, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्यांच्या मनात ती गाडी अजून त्या वळणावरच होती. तिच्यात त्यांची लेक बसली होती, आणि ती सुखरूप पोचली हे सांगायचं ज्याचं काम, त्यानं ते सांगितलं नव्हतं. मला त्यांचा रागही येत होता आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटत होतं. यातलं दुसरं जावयाला जमत नाही.

मग एका थंडीत मामा फलाटाच्या उतारावर घसरले. उजवा हात मोडला. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि हिला बाजूला घेऊन सांगितलं, नजर अधू झालीय, यांना आता एकटं ठेवू नका, पुढच्या वेळी हातावर निभावणार नाही. मी दुकानाला कुलूप लावलं आणि आम्ही दोघं क्वार्टरवर जाऊन राहिलो. मामा डाव्या हातानं टोले देत होते, आणि त्यातही धुक्याचा उशीर न चुकता धरत होते. हिनं विनवण्या केल्या, अबोला धरला, आणि एका दुपारी मी जेवणारच नाही म्हणून बसली. मामांनी डाव्या हातानं ताट तिच्यापुढे सरकवलं. "तू जेव," म्हणाले. "तुझा कुठे टोला राहिलाय?" ही त्यांच्याकडे बघतच राहिली. मग जेवली आणि परसात लिंबाच्या झाडाखाली जाऊन बसली. मला वाटलं, हिनंही हात टेकले.

दुसऱ्या दिवशी मी उठून बघतो तर ही चपला घालून तयार. "स्वयंपाक करून ठेवलाय," म्हणाली. "संध्याकाळचे टोले झाले की बाबांना स्टेशनातल्या खोलीत बसवा. भिंतीवर फोन होता ना, तिथे. आणि तुमचा फोन चालू ठेवा." कुठे निघालीस विचारलं तर म्हणाली, "कळेल." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मला एखादी गोष्ट आधी कळलेली अजून तिला चालत नाही. दिवसभर मी चरफडत होतो, आणि चरफडण्याचं कारण विचारणाऱ्या मामांना काय सांगायचं तेही सुचत नव्हतं.

संध्याकाळी मामांनी दोन टोले दिले, मग तीन दिले. मी त्यांना खोलीत आणून खुर्चीवर बसवलं. भिंतीवरचा फोन रेल्वेनं कधीच काढून नेला होता. राहिली होती ती त्याच्यामागची लाकडी फळी आणि तिच्यावर फोनच्या आकाराचा उजळ डाग. माझ्या खिशातला मोबाइल वाजला. हीच होती.

"बाबांना द्या. आणि मोठ्यानं ऐकू येईल असं करा."

मी स्पीकर लावला आणि फोन त्या फळीपाशी धरला. आधी नुसता वारा ऐकू आला. मग ही बोलली, पण घरात बोलते त्या आवाजात नाही. लिंबाच्या झाडाखालून बोलायची तशी, मोठ्यानं आणि एकेक शब्द सुटा करून.

"हॅलो, वरचं स्टेशन? पुढच्या स्टेशनावरून बोलतेय."

मामा खुर्चीवरून उठले. मोडका हात गळ्यात बांधलेला होता. डाव्या हातानं त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. "बोला," म्हणाले.

"तुमची गाडी पोचली. लाइन मोकळी."

मला वाटलं, झालं. पण मामा असे सहजासहजी सुटणारे नव्हते.

"पुढचंच स्टेशन कशावरून? समोर काय दिसतंय ते सांगा."

"पाण्याची टाकी आहे. टाकीवर झाड उगवलंय. खोलीला छप्पर नाही. बाकावर रस्तावाल्यांनी डांबराची पिंपं ठेवलीयत."

"बाकावर?"

"हो."

"तिथल्या मास्तरांना अजिबात आवडलं नसतं," मामा पुटपुटले. मग त्यांनी घसा साफ केला. "गाडी कुठली?"

"संध्याकाळची. उशिरा सुटलेली. लग्नाचं वऱ्हाड होतं आत."

"पूर्ण पोचली का? मागचा दिवा बघितला?"

पलीकडे बराच वेळ नुसता वारा ऐकू येत राहिला. मी फोन धरून उभा होतो.

"बघितला," ही म्हणाली, आणि आता तो तिचा नेहमीचा आवाज होता. "पूर्ण पोचली, बाबा. मागे काही राहिलं नाही. तुम्ही नीट बघून पाठवली होती ना."

मामांनी मान हलवली. फोनवर मान दिसत नाही हे लक्षात आल्यावर "बरं" म्हणाले. मग फलाटावर गेले. मी दांडा उचलून द्यायला पुढे झालो, तर त्यांनी मला बाजूला सारलं. हात डावा, नजर अधू, पण टोला असा पडला की छपरातली पाखरं उडाली. एकच टोला. मामा तिथेच उभे राहिले, आवाज पार नदीपर्यंत जाऊन विरेपर्यंत.

फलाटावर खेळणाऱ्या पोरांना त्यात काही वेगळं वाटलं नाही. त्यांनी तो टोला जन्मात ऐकला नव्हता. पण किराणा दुकानातल्या आजी दुकान उघडं टाकून आल्या. त्यांना धावता येत नव्हतं, तरी त्यांच्या परीनं धावतच आल्या, आणि त्यांच्या मागून आणखी दोघी-तिघी म्हाताऱ्या.

"मामा, एकाचा टोला दिलात," आजी धापा टाकत म्हणाल्या. "कोण पोचलं?"

"आमची मुलगी," मामा म्हणाले.

आजींनी त्यांना वेड्यात काढलं नाही. "बरं झालं," म्हणाल्या. "त्या दिवशी मीसुद्धा जेवायची थांबले होते." आणि मागच्या बायकांना ते सांगत सांगत परत फिरल्या.

मी म्हटलं, ही येईपर्यंत थांबू या, एकत्रच बसू. मामा म्हणाले, "कशाला? पोचली ना ती. वाढा जावईबापू, भूक लागलीय." डाव्या हातात चमचा धरून, सांडत-लवंडत ते पोटभर जेवले आणि दोनदा भात मागून घेतला. मी आपला वाढत राहिलो.

अंधार पडायच्या बेताला शेवटची बस आली. मामा माझ्या आधीच रस्त्यावर जाऊन उभे होते. ही उतरली. पायावर धूळ, चपलेला डांबर लागलेलं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला आणि बस निघाली. मामांची खोड मला ठाऊक होती. गावातून साधी सायकल गेली तरी ते तिच्या मागच्या दिव्याकडे बघायचे, आणि बस तर वळणाआड जाईपर्यंत सोडायचे नाहीत. इतक्या वर्षांत मलाही ती सवय लागली होती, म्हणून मी बसकडे बघत होतो. दिवा लांब गेला, वळला, दिसेनासा झाला. मी वळून बघितलं तर मामांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते हिच्याकडे बघत होते. बघतच राहिले होते, इतका वेळ की हिला आधी हसू आलं आणि मग रडू आलं.

"असं काय बघताय, बाबा?"

"काही नाही," मामा म्हणाले. "त्या खोलीला पडदे कुठल्या रंगाचे लावलेस?"